सोबत कोण आहे?

सुरुवातीलाच माफी मागते. बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं 'मिक्स भाजी' आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतीलच. उरलेल्या पोटात घाला. इंग्रजी विभागासाठी लेख लिहिणं मला सोपं गेलं असतं, पण ज्या प्रश्नावर लिहायचंय तो मला आयुष्यात कोणीही इंग्रजीतून विचारलेला नाही. तो कायम मराठीतच येतो.

"सोबत कोण आहे?"

माझं गाव कडा. बीड जिल्हा, आष्टी तालुका. नगर-बीड रस्त्यावर आमचं गाव लागतं. पप्पांचं कृषी सेवा केंद्र आहे, म्हणजे बी-बियाणं आणि खतांचं दुकान. आमच्याकडे पाणी म्हटलं की टँकर आठवतो, आणि खूप पाणी म्हटलं की मेहेकरीचं धरण. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो पुस्तकात. नगरला कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर असताना लायब्ररीत एनिड ब्लायटनचं 'फेमस फाइव्ह' होतं. पाच जण (त्यातला एक कुत्रा!) सुट्टीत समुद्रकाठच्या गावी जातात, बोट वल्हवतात, बेटावर राहतात. त्यातली जॉर्ज मला फार आवडायची. स्वतःची बोट, स्वतःचं बेट. तिला कोणी विचारत नाही की सोबत कोण आहे. तेव्हाच मी ठरवलं होतं की मोठी झाले की इंग्लंडमधल्या एखाद्या समुद्रकाठच्या गावी जायचं, एकटीनं. खाली समुद्र, वर टेकडी, मध्ये छोटी छोटी घरं, आणि मी एका बाकावर बसून नुसती लाटांकडे बघतेय.

आमच्या एक सिस्टर केरळच्या किनाऱ्यावरच्या होत्या. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "मी सतरा वर्षांची असताना एकटी ट्रेनमध्ये बसून महाराष्ट्रात आले. मला एक अक्षर मराठी येत नव्हतं." मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं की पांढऱ्या कपड्यातल्या या शांत बाईंनी जॉर्जपेक्षा मोठं धाडस केलंय, आणि त्याला कोणी धाडस म्हणत नाही. देवाचं काम म्हटलं की एकटीनं गेलेलं चालतं. शिक्षण म्हटलं की आता चालतं. नोकरी म्हटलं की नाक मुरडून चालतं. पण "मला समुद्र बघायचाय" म्हटलं की चालत नाही! माझा आजचा मुद्दा एवढाच आहे.

इंग्लंड तूर्त लांब आहे. युरोपातल्या शेंगेन देशांच्या नुसत्या व्हिसाची फी जून २०२४ पासून ९० युरो झाली, आणि वर बँकेचं स्टेटमेंट दाखवा. माझ्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दाखवण्यासारखं काही असेल तर ते मेसचं बिल. म्हणून मी ठरवलं की आपल्याकडे जो समुद्र आहे तो आधी बघू. या जानेवारीत, सेमिस्टर संपल्यावर, मी चार दिवस मालवणला जाऊन आले. एकटी.

मैत्रिणींनी आधी सल्ला दिला की घरी सांगू नकोस. "आय.व्ही. आहे म्हणून सांग." आपल्या कॉलेजमधल्या निम्म्या मुलींच्या ट्रिपा घरच्यांच्या लेखी 'इंडस्ट्रियल व्हिजिट' असतात, हे इथे छापलं तर काही जणींची पंचाईत होईल, पण खरं आहे ते खरं आहे. मलाही मोह झाला. पण मग विचार केला की खोटं बोलून गेले आणि तिकडे काही झालं, तर मदत मागायला तोंड कुठे राहणार? खोटं बोलून जाणारी मुलगी एकटी नसते, तर एकाकी असते. या दोन्हींत फरक आहे. म्हणून पप्पांना सांगितलं. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "रोज रात्री आठला फोन. नाही आला तर मी गाडी घेऊन निघतो." आई नुसती म्हणाली, "लोकांना काय सांगायचं ते तूच सांग, मला सांगता यायचं नाही."

आता तो प्रश्न मोजा.

पहिल्यांदा एस.टी.त. १७ मार्च २०२३ पासून आपल्या राज्यात महिलांना एस.टी.चं तिकीट निम्म्या दरात मिळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. कडा ते नगर, नगर ते पुणे, पुणे ते मालवण असा सगळा प्रवास मी हाफ तिकिटात केला. आमच्या कड्याला आता रेल्वेही आहे. नगर-बीड-परळी रेल्वेला मंजुरी मिळाली १९९५ साली, आणि आमच्याकडे गाडी धावली २३ सप्टेंबर २०२२ ला. आज्जीचं अर्धं म्हातारपण त्या रुळांची वाट बघण्यात गेलं. १७ सप्टेंबर २०२५ पासून ती बीडपर्यंत जाते. पण वेळ जुळली नाही म्हणून मी एस.टी.च पकडली. रात्रीच्या गाडीत कंडक्टर काकांनी तिकीट फाडता फाडता विचारलं, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, कोणी नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ड्रायव्हरच्या मागची सीट दाखवली. "इथं बस. घाटात झोप लागली तरी मी जागा आहे." त्यांचा प्रश्न मला आवडला नाही, पण उत्तर आवडलं.

दुसऱ्यांदा लॉजवर. सकाळी उतरले तेव्हा एका लॉजमध्ये गेले. काउंटरवरच्या माणसाने रजिस्टर उघडलं, पेन माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "फॅमिली मागून येतेय का?" नाही म्हटल्यावर त्याने रजिस्टर बंद केलं. "सिंगल लेडीजना देत नाही. मालकाचा नियम आहे." मी आधार कार्ड दाखवलं, कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं. ढिम्म! शेवटी मला राग आला आणि राग आला की मला इंग्रजी येतं. मी फाडफाड इंग्रजीत सुरू झाले. आणि काय सांगू, तो माणूस खुर्चीतून उठला. "मॅडम, मी मालकांना फोन लावून बघतो."

त्या क्षणी मला फार भारी वाटलं होतं. नंतर समुद्रावर बसल्यावर लाज वाटली. म्हणजे माझ्यासोबत कोणी नव्हतं हे खोटं होतं. माझ्यासोबत कॉन्व्हेंट होतं! मी तीच, माझं आधार कार्ड तेच, पण मराठी बोलणारी एकटी मुलगी 'संशयास्पद' आणि इंग्रजी बोलणारी एकटी मुलगी 'टुरिस्ट'. एखादी परदेशी बाई पाठीवर सॅक टाकून आली असती तर तिला सोबत कोण आहे असं विचारलंही नसतं. हा मान नाही, हा आपल्याच भाषेतल्या बाईचा अपमान आहे. मी ती खोली घेतली नाही. जवळच एका काकूंच्या घरी न्याहारी-निवासाची पाटी होती, तिथे गेले. सातशे रुपये रोज, सकाळी घावणे आणि चहा.

तिसऱ्यांदा किल्ल्यावर जाताना. मालवणच्या बंदरावरून सिंधुदुर्गला होड्या जातात. तिकिटाच्या खिडकीवर मी म्हटलं, एक द्या. आतून आवाज आला, "एकच? बाकीचे?" बाकीचे नाहीत हो, एकच! सिव्हिलची विद्यार्थिनी म्हणून त्या किल्ल्याबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. पायाच्या दगडांत शिसं ओतल्याचं सांगतात. सुमारे तीन किलोमीटरची तटबंदी साडेतीनशेहून जास्त वर्षं खाऱ्या लाटांचा मार खात उभी आहे. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोडं! दुष्काळी भागातल्या मुलीला हे बघून काय वाटतं ते पुण्यामुंबईच्या लोकांना कळणार नाही. मी दूधबावीच्या काठाशी पंधरा मिनिटं उभी होते. सोबत कोणी असतं तर "चल आता, फोटो काढून झाला" म्हणालं असतं.

चौथ्यांदा तोच प्रश्न चिवल्याच्या किनाऱ्यावर आला. तिथे रापण ओढतात. दोन्ही बाजूंनी दोरखंड धरून बायाबापे ते लांबलचक जाळं किनाऱ्याकडे खेचत आणतात. मी बघत उभी होते. टोपली घेऊन बसलेल्या एका आजींनी विचारलं, "खंयसून इलंस गो? एकटाच?" मी मनात म्हटलं, झालं सुरू. मी हो म्हटलं. आजी म्हणाल्या, "जेवलंस?" बस्स. पुढचा प्रश्न हाच! त्यांच्या 'एकटाच'मध्ये चौकशी होती, चौकशी आयोग नव्हता. त्यांच्याकडच्या बाया पहाटे एकट्या बाजार गाठतात, मासळीचा लिलाव करतात, भावासाठी भांडतात. बाई एकटी दिसली की त्यांना पहिला विचार येतो तो तिच्या पोटाचा. चारित्र्याचा नाही.

आता भीतीबद्दल. कारण "हे सगळं ठीक आहे, पण काही झालं असतं तर?" हा प्रश्न तुमच्या मनात येऊन गेला असणार. मला भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. पहाटे साडेतीनला गाडी एका स्टँडवर थांबली तेव्हा वॉशरूमला जायचं होतं आणि मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक माणूस किनाऱ्यावर बराच वेळ मागे मागे येत होता. मी सूर्यास्त अर्धवट सोडून माणसांची वर्दळ असलेल्या रस्त्याला लागले आणि काकूंना फोन केला. ११२ नंबर मोबाईलमध्ये वर काढून ठेवला होता. तो सूर्यास्त माझा हुकला. त्याचा मला अजूनही राग आहे.

पण आपण इंजिनिअर आहोत ना? मग इंजिनिअरसारखा विचार करू. पूल पडू शकतो हे आपल्याला माहीत असतं. म्हणून आपण काय म्हणतो? नदी ओलांडूच नका? नाही. आपण लोड काढतो, मटेरियल तपासतो आणि वर फॅक्टर ऑफ सेफ्टी घेतो. आय.एस. ४५६ मध्ये काँक्रीटसाठी १.५ आणि सळईसाठी १.१५ घेतात ते कशासाठी? धोका आहे हे मान्य करूनच बांधकाम करता यावं म्हणून. माझा फॅक्टर ऑफ सेफ्टी होता रात्री आठचा फोन, काकूंचं घर, हातात थोडे जादा पैसे, अंधाराच्या आत परत येणं. बंदी हा फॅक्टर ऑफ सेफ्टी नाही. बंदी म्हणजे पूलच न बांधणं.

मालवणचंच दुसरं उदाहरण देते. राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. उद्घाटन होऊन नऊ महिनेही झाले नव्हते. तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने काय विचारलं? बांधला कोणी, डिझाइन कोणाचं, तपासलं कोणी. गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, आणि मे २०२५ मध्ये तिथे नवा पुतळा उभा राहिला. "इथे वारा असतो, मग पुतळा उभा कशाला केला?" म्हणून महाराजांना कोणी दोष दिला नाही! मग मुलीला त्रास झाला की आपण पहिला प्रश्न तिलाच का विचारतो, की तू तिथे गेलीसच कशाला? तिथे आपण बांधकाम तपासतो आणि इथे उभं राहणारीला तपासतो. हे कुठलं इंजिनिअरिंग?

आणि हा प्रश्न काही आजचा नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाल्या तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या. २४ फेब्रुवारीला श्रीरामपूरला (बंगालमधलं, आपल्या नगर जिल्ह्यातलं नाही!) कॉलेजच्या हॉलमध्ये त्यांनी इंग्रजीत भाषण केलं आणि लोक जे प्रश्न विचारून भंडावत होते त्यांची एकेक करून उत्तरं दिली. त्यातला एक प्रश्न होता, एकटीच का जातेस? त्यांचं उत्तर अगदी व्यवहारी होतं. नवऱ्यावर घरच्यांचा भार आहे, तो सोबत आला तर त्यांनी खायचं काय? एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. बोटीवर मिशनरी बायकांची सोबत होती, पण घरचं कोणी नव्हतं. त्याच वर्षी पंडिता रमाबाई, नवरा वारलेला, छोटी मनोरमा कडेवर, इंग्लंडला गेल्या. या दोघींवर आपण धडे वाचतो, निबंध लिहितो. आनंदीबाईंवर कादंबरी आहे, २०१९ साली सिनेमाही आला. दोन्हींचं नाव 'आनंदी गोपाळ'. नाव छानच आहे, गोपाळरावांशिवाय ते घडलंच नसतं. पण बोटीवर गोपाळराव नव्हते हो! तेवढे दोन महिने तरी ती नुसती आनंदी होती. आपल्याला मात्र नावातही सोबत लागते.

आपल्या लायब्ररीत मीना प्रभूंची पुस्तकं आहेत. 'दक्षिणरंग', 'ग्रीकांजली', 'तुर्कनामा'. व्यवसायाने डॉक्टर, लंडनला स्थायिक झालेल्या, आणि पुष्कळसे प्रवास एकटीनं केलेल्या. २०२५ च्या मार्चमध्ये त्या गेल्या. 'ग्रीकांजली'च्या मागच्या कार्डावरच्या तारखा मी बघितल्या. माझ्याआधी ते कित्येक जणींनी नेलं होतं. म्हणजे वाचायला चालतं. जायला चालत नाही.

सरकारनेही २०२३ साली महिलांसाठी खास पर्यटन धोरण आणलं. पर्यटन व्यवसायात येणाऱ्या बायकांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा वगैरे चांगल्या गोष्टी त्यात आहेत. काकूंसारखी न्याहारी-निवासाची घरं वाढली तर माझ्यासारखीचा लॉजवरचा अपमान वाचेल. पण त्या धोरणाचं नाव आहे 'आई'. फिरण्याच्या धोरणातसुद्धा आम्ही आधी कोणाची तरी आईच! 'मुलगी' नाव ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं?

इथपर्यंत लेख सोपा होता. आता अवघड भाग.

मी परत आले आणि गावात बातमी पसरली. पप्पांच्या दुकानात गिऱ्हाईक खताच्या गोणीसोबत सल्लाही देऊ लागलं. ते मी सहन केलं. पण माझी एक चुलत बहीण आहे. यंदा बारावीला आहे, माझ्यापेक्षा हुशार आहे, तिलाही इंजिनिअरिंगला पुण्याला यायचंय. काका म्हणाले, "बघितलं ना? म्हणून पोरींना पुण्याला पाठवू नये. हिला नगरलाच कुठंतरी टाकू." बहिणीने मला मेसेज केला. तिने रागावून काही लिहिलं नव्हतं. फक्त एवढंच लिहिलं होतं, "ताई, तू चार महिने थांबली असतीस तर."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझे चार दिवस आणि तिची चार वर्षं. हा हिशोब कसा मांडायचा? पहिल्यांदा वाटलं की मी चुकले, स्वार्थीपणा केला. मग वाटलं की मी थांबले असते तर पुढे कोणासाठी तरी परत थांबावं लागलं असतं. तिची ॲडमिशन, मग तिचं लग्न, मग माझं लग्न, मग धाकटीची बारावी. मुलींच्या वागण्याचं उधारखातं एकमेकींच्या नावावर असतं. एकीनं पाऊल टाकलं की दुसरीच्या खात्यावर वसुली! चुलतभाऊ गोव्याला जाऊन काय काय करून आला ते सगळ्या गावाला माहीत आहे. त्याच्या धाकट्या भावाची ॲडमिशन कोणी रोखली का?

मी काकांकडे गेले. भांडायला नाही. खर्चाची वही घेऊन गेले. चार दिवसांचे तीन हजार आठशे रुपये, ट्यूशनच्या पैशातले, ओळ न ओळ लिहिलेली. कुठे उतरले, कोणाच्या घरी राहिले, काकूंचा फोन नंबर, आठचे चारही फोन. मी म्हटलं, "काका, तुम्ही कांदा विकायला सोलापूरला एकटे जाता तेव्हा वही ठेवता तशीच ठेवलीय. यात काही चुकलं असेल तर दाखवा." काकांनी वही शेवटपर्यंत वाचली. चूक दाखवली नाही. हो पण म्हणाले नाहीत. बहिणीचा निर्णय जूनमध्ये होईल. हा लेख छापून येईल तेव्हाही तो लागलेला नसेल. त्यामुळे 'आणि काकांचे डोळे उघडले' असा शेवट मला देता येत नाही.

दुसरा धडा पाडव्याला मिळाला. आमच्या शेजारच्या मावशी दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. आमच्या तालुक्यातली किती तरी घरं अशी जातात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. म्हणजे बीड जिल्ह्यातल्या बाईइतका प्रवास क्वचितच कोणती बाई करत असेल! पण त्याला कोणी ट्रॅव्हल म्हणत नाही. तिथे एकटीला जाताही येत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल त्या जोडीवर. एकटं माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. मावशी म्हणाल्या, "कोल्हापूरच्या बाजूला चार हंगाम काढले बघ, पण अंबाबाईचं देऊळ न्हाय बघितलं. पट्टा पडला की गाडी, गाडी भरली की खोपी."

मग विचारलं, "समिंदर केवढा असतो गं? मेहेकरीच्या तलावावानी?"

मी म्हटलं, मावशी, तलावाला पलीकडचा काठ दिसतो. ह्याला दिसतच नाही.

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आन् तुला एकटीला जाऊ दिलं?" त्यांनी 'एकटी गेलीस?' असं नाही विचारलं. 'जाऊ दिलं?' विचारलं.

तेव्हा मला माझ्या लेखातली चूक कळली. (हो, लेख तेव्हा लिहून झाला होता. परत लिहिला.) मी एकटीनं प्रवास म्हणजे हिंमत असं लिहिलं होतं. मावशींची हिंमत माझ्या दसपट आहे. रात्री दोनला गाडी भरायला उठणाऱ्या बाईला मी काय हिंमत शिकवणार? फरक हिंमतीचा नाही. माझ्याकडे रिकामे चार दिवस होते, तीन हजार आठशे रुपये होते, आठला फोन उचलणारे पप्पा होते आणि वेळ पडली तर फाडफाड इंग्रजी होतं. या चार गोष्टी ज्या बाईकडे नाहीत तिला 'घाबरू नकोस, निघ' म्हणणं सोपं आहे आणि खोटंही. म्हणून कोणी मला 'काय डेअरिंग आहे गं तुझं' म्हणालं की मी आता खूष होत नाही. डेअरिंगचं कौतुक करून आपण बाकीच्या गोष्टी विसरतो.

तर माझी मागणी मोठी नाही. आपल्यापासूनच सुरू करू या. मुलींच्या होस्टेलचं गेट आठला बंद होतं आणि मुलांचं साडेदहाला, हे समान करा. व्हिजिटला जायला पालकांचं संमतिपत्र हवं असेल तर मुलांकडूनही घ्या, नाहीतर कोणाकडूनच नको. मुलींच्या कॉमन रूममध्ये एक वही ठेवू या. जिथे एकटीला सरळ खोली मिळाली त्या घरांचे पत्ते, कोणती गाडी कुठल्या स्टँडवर किती वाजता पोचते, कुठलं वॉशरूम वापरण्यासारखं आहे. पहिलं पान मी लिहिलंय, मालवणचं. आणि मुलांनो, तुम्हालाही एक काम आहे. पुढच्या वेळी वर्गातली एखादी मुलगी म्हणाली की मी एकटी जातेय, तर 'आम्ही येऊ का सोबत?' असं लगेच विचारू नका. 'पोचलीस की कळव' एवढं म्हणा.

मैत्रिणींनो, घरी खोटं सांगून जाऊ नका. वही ठेवा. आज तुमच्या एका खोट्याची किंमत तुमच्या नाही, तुमच्या धाकट्या बहिणीच्या खात्यावर पडते.

इंग्लंडमधला तो बाक अजून डोक्यात आहे. जाईन कधीतरी. पण त्याआधी एक प्रवास ठरलाय. पावसाळा संपला की, ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या आधी, मावशी आणि मी कोल्हापूरला अंबाबाईला जाणार आणि तिथून खाली मालवणला. मावशींनी नवऱ्याला विचारलंय. ते म्हणाले, "दोघीच? सोबत कोण आहे?"

मावशी म्हणाल्या, "ही हाय की."

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)